कशेडीच्या वळणावरची फांदी

आधीच सांगतो, भूतबित मी मानत नाही. विमान चालवणारा माणूस आहे. जे यंत्रावर दिसतं ते खरं, बाकी गप्पा. त्यामुळे हे वाचून ज्यांना हसायचंय त्यांनी खुशाल हसावं... पण त्या वळणावर मी होतो, तुम्ही नव्हता.

गोष्ट वीसेक वर्षांपूर्वीची. एका खासगी विमान कंपनीत मी को-पायलट होतो. कंपनीने नवी योजना काढली — आपली चूक आपणहून फॉर्मवर लिहून द्या, कारवाई होणार नाही, दुसरे सावध होतील. वाचायला फार छान. पहिला फॉर्म आमच्यातल्या एका सीनियर कॅप्टनने भरला. त्याला ‘जादा ट्रेनिंग’ला पाठवलं, आणि तो पुन्हा रोस्टरवर दिसलाच नाही. त्यानंतर फॉर्मचा गठ्ठा कोराच राहिला.

आणि मग माझ्याच हातून घडलं. भर दुपारी, सलग चौथ्या फ्लाइटमध्ये, मी आणि माझा कॅप्टन — दोघंही झोपलो. जाग आली ती रेडिओवर खालचा कंट्रोलर पुन्हा पुन्हा हाक मारत होता म्हणून. मागे शंभरावर माणसं बसली होती. कॅप्टन म्हणाला, “झालं ते विसर. मला दोन मुली आहेत.” विसरलोही असतो. पण चार फ्लाइटांची तीच ड्युटी दुसऱ्या दिवशी दुसऱ्या दोघांना लागली होती.

फॉर्म द्यायला दहा दिवसांची मुदत. आठव्या दिवशी मी रजेवर महाडला घरी आलो आणि अम्मीला सांगितलं. ती म्हणाली, “चूक झाली ती अल्लाला सांग. सायबाला कशाला? नोकरी घालवशील.” तिचंही खरं होतं. अब्बांना जाऊन नऊ वर्षं झाली होती, घर माझ्यावर होतं.

अब्बा ट्रक ड्रायव्हर. उभी हयात कशेडी घाटात गेली. घाटात एक रीत आहे. पुढे दरड आली, रस्ता खचला, की ज्याला आधी दिसेल त्याने वळणाच्या अलीकडे झाडाची फांदी तोडून आडवी टाकायची, वर दगड. कुणी टाकली, त्याची गाडी का घसरली, हे कुणी विचारत नाही. अब्बा दगडावर तंबाखूच्या डबीतला चुनाही फासायचे, तीन बोटांनी, धुक्यात दिसावा म्हणून. त्यांचं मधलं बोट ट्रकच्या फाळक्यात सापडून अर्धं गेलेलं. त्यामुळे त्यांचा दगड अख्खा घाट ओळखायचा — दोन लांब पट्टे, मध्ये एक आखूड. एकदा अब्बांनाच डुलकी लागून ट्रक कठड्याला घासला, कठडा ढासळला. त्यांनी फांदी ठेवली, चुना लावला. त्यावरून मालकाला कळलं आणि त्याने गाडी काढून घेतली. चार महिने अब्बा घरी बसले. पुन्हा घाटात गेल्यावर चुना लावायचं मात्र त्यांनी सोडलं नाही.

नवव्या दिवशी सकाळी मी बहिणीकडे खेडला निघालो. पाऊस, धुकं. पोलादपूरच्या पुढे झाड पडून रस्ता तीन तास बंद होता. मोकळा झाल्यावर सोडलेली पहिली गाडी माझी. घाट चढता चढता मी ठरवून टाकलं — नाही भरायचा फॉर्म. आणि समोर धुक्यात पांढरं काहीतरी दिसलं... मी ब्रेक दाबला.

हिरवी फांदी, वर दगड. उतरून पुढे चालत गेलो. वळणापलीकडे अर्धा रस्ता दरीत गेला होता. माझ्याच बाजूचा.

परत येऊन दगड नीट पाहिला. दोन लांब पट्टे, मध्ये आखूड. वरून पाऊस पडत होता, तरी चुना वाहिला नव्हता. बोट लावलं तर माझ्या बोटाला लागला.

खालच्या वळणावर चहाची टपरी होती. म्हाताऱ्या टपरीवाल्याला विचारलं, “काका, वर फांदी कोणी ठेवली?”

“कुनी नाय. सकाळधरनं वरनं गाडी नाय, मानूस नाय. खालनं पयली तुजीच.”

तो माझ्याबरोबर वर आला. दगड बघितला आणि कठड्यावर बसला. “हुसेनभायचा हात हाय ह्यो,” म्हणाला. “तू त्यांचा कोन रे?”

“मुलगा.”

“मंग मला काय इचारतोस?”

वरून कोणी चालत आलं असेल, म्हणाल. आलं असेल. अब्बांची लकब कुणी उचलली असेल, म्हणाल. तीही उचलली असेल. पण अर्धं बोट कुठून आणलं?

दहाव्या दिवशी मी फॉर्म भरला. आधी कॅप्टनला फोन करून सांगितलं, त्याने मनसोक्त शिव्या घातल्या. नाव लिहिणं सक्तीचं नव्हतं. मी मोठ्या अक्षरात लिहिलं. पाच महिने घरी बसवलं मला, अब्बांपेक्षा एक जास्तच. पण चार फ्लाइटांची ती ड्युटी बंद झाली. उद्या वेळ आली तर पुन्हा लिहीन, आणि तेही नावानिशी.

त्या दगडाचं उत्तर शोधायचं मी सोडून दिलंय.

चौकशीत एका साहेबाने विचारलं होतं, “हे कुणाच्या सांगण्यावरून लिहिलंत? युनियनच्या?”

“वडिलांच्या.”

“त्यांना भेटता येईल?”

“येईल की,” मी म्हटलं. “पावसाळ्यात कशेडी घाटात असतात.”

त्याने ते लिहून घेतलं.