दादानं धुऊन दिलेली अंडी

माझं बाळंतपण माहेरी झालं, केंदूरला. दादाचं अंड्यांच्या कोंबड्यांचं शेड घरामागंच. तडकलेली अंडी व्यापारी घेत नाही, ती घरच्यांनी खायची, ही आमच्याकडची रीत. पण त्या वेळी दादा मला अख्खी अंडी आणून द्यायचा, तीही धुऊन, पुसून, चकचकीत. "दुधात कच्चंच फोडून घे, तायडे. ताकद येती." मी आईला म्हणायची, बघ, एवढ्या कामात माझ्यासाठी अंडी धुतोय! असा भाऊ शोधून सापडायचा नाही.

पोर दहा दिवसांचं असताना मला जुलाब लागले. काहीतरी जड पडलं असेल, म्हणून मी सोडून दिलं. नुसत्या पाण्यानं हात खळबळायचे आणि पोराला पाजायला घ्यायचं. दोन दिवसांनी त्याला ताप भरला. दूध ओढेना, मान टाकली. शिरूरला नेलं तर डॉक्टरांनी लगेच काचेच्या पेटीत ठेवलं. रक्तात साल्मोनेलाचे जंतू निघाले. "कच्ची अंडी खाल्लीत?" त्यांनी विचारलं. "तुमच्या पोटातून हातावर, हातावरून बाळाला गेलं असणार. मोठ्या माणसाचं जुलाबावर भागतं, एवढ्याशा जिवाच्या रक्तात उतरतं." पेटीबाहेर बसून मी स्वतःलाच शिव्या घातल्या.

नऊ दिवसांनी पोर वाचलं, घरी आणलं. स्वयंपाकघरात वहिनी तिच्या मुलाला आम्लेट करत होती, दुकानातून आणलेल्या अंड्यांचं. मी म्हटलं, अगं, घरची असताना विकतची कशाला?

"आपल्या कोंबड्यांना हगवण लागलीय न्हाई का? व्यापारी बी घेईना. ह्यांनीच सांगितलं, पोराला देऊ नको म्हून."

मी तशीच शेडवर गेले. दादानं नजर चुकवली. "टाकून द्यायचं जिवावर आलं गं. आन् घाण सगळी धुऊन दिलीवती की!"

म्हणजे ते धुणं मायेचं नव्हतंच, मला घाण दिसू नये म्हणून होतं! केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच. परक्याशी भांडले असते, हा तर सख्खा भाऊ. संतापानं रडतच घरात आले.

गेल्या महिन्यात पोराचं जावळ काढलं. जावळ मामाच्या मांडीवर काढतात. दादा मांडीवर नवा टॉवेल पसरून सगळ्यांच्या आधी येऊन बसला होता. मी पोराला माझ्याच मांडीवर घेतलं आणि न्हाव्याला म्हटलं, "करा सुरू."