मगदूम मॅडमची मुलाखत

बारावीला मराठी शिकवणाऱ्या माणसाला कुणी हिंग लावून विचारत नाही, हे रोहिणी मगदूम यांना एवढ्या वर्षांत पुरतं कळून चुकलं होतं. पोरांना मराठी म्हणजे फुकटचे मार्क, आणि त्यांच्या आईबापांना मराठी म्हणजे क्लासच्या वेळेतली अडचण. तरी कसबा बावड्याहून रोज एसटी धरून त्या वडगावच्या ज्युनिअर कॉलेजात यायच्या, हजेरी घ्यायच्या आणि उत्तरं सांगायच्या. पोरं माना खाली घालून लिहून घ्यायची.

पूर्वी असं नव्हतं. नव्या नोकरीत त्या पोरांना म्हणायच्या, बघितलेलं लिहा, ऐकलेलं लिहू नका. तेव्हा विश्वजित नावाच्या मुलानं घरच्या मेलेल्या म्हशीवर असं काही लिहिलं होतं, की वाचून मॅडमना जेवण गेलं नाही. बोर्डाच्या परीक्षेतही त्यानं तसंच, मनचं लिहिलं आणि नेमका मराठीतच मार खाल्ला. त्याचे वडील आकाराम कॉलेजात आले. आवाज न चढवता, म्हणजे आमच्याकडच्या मानानं न चढवता, म्हणाले, "मॅडम, म्हस बघायला मी हाय की. तुम्ही मार्क बघा."

त्या दिवसापासून मॅडम मार्क बघायला लागल्या. निबंध सांगून लिहवून घ्यायचा, पत्र सांगून लिहवून घ्यायचं, कवितेचा रसास्वादसुद्धा मुद्दे घालून सांगायचा. मार्क पडत गेले, संस्थेनं सत्कारही केला. पण पेपरांचा गठ्ठा पुढ्यात आला की जीव नकोसा व्हायचा. सगळ्यांचा सूर्य एकाच वाक्यात उगवायचा आणि ते वाक्य मॅडमचंच असायचं. आपलंच उष्टं आपण खात बसलोय, असं त्यांना वाटायचं.

यंदा तर अंगातलं बळच सरलं. नवरा शांतिनाथ म्हणत होता, सोड की आता, पोरगा मार्गी लागला, घरात खाणारी आपण दोघं. प्राचार्यही म्हणाले होते, स्वेच्छानिवृत्तीची नोटीस आत्ता दिलीत तर परीक्षेच्या आत मोकळ्या व्हाल. शनिवारी सांगते, असं मॅडम म्हणाल्या होत्या. मन जवळजवळ झालंच होतं. एकच गोष्ट आत टोचत होती. एवढ्या पोरांतल्या एकानं तरी मनचं काही विचारलेलं, मनचं काही लिहिलेलं बघावं आणि मग जावं, एवढी हौस उरली होती. तीही दमलेलीच.

शनिवारी वर्गात मुलाखत होती. बारावीच्या अभ्यासात मुलाखत लेखन असतं. म्हणून दरवर्षी गावातल्या एखाद्या बड्या माणसाला वर्गात बोलवायचं, शाल-नारळ द्यायचा आणि पोरांनी डायजेस्टमधले प्रश्न क्रमानं विचारायचे, अशी रीत पडली होती. पाहुणा दूध संस्थेचा असो, नाहीतर बँकेचा, 'आपण या क्षेत्राकडे कसे वळलात' यापासून सुरुवात. गेल्या वर्षी एकानं घरी सराव म्हणून स्वतःच्या आजीला 'आपला अल्पपरिचय द्या' म्हटलं होतं, आणि म्हातारीनं पायातलं हातात घेतलं होतं.

यंदा दूध संस्थेचे गणपतराव यायचे होते. ऐन वेळी त्यांचा फोन आला, मयतीला जायचंय. वर्गाचा मॉनिटर धैर्यशील पिशवी घेऊन उभा राहिला. "मॅडम, पावणं काय येत न्हाईत. शाल आणलीया, नारळ आणलाय. आता तुम्हीच बसा की!"

पोरांनी टाळ्या पिटल्या. मॅडम नको नको म्हणेपर्यंत त्यांना खुर्चीत बसवून गणपतरावांची शाल त्यांच्या खांद्यावर टाकलीसुद्धा.

प्रश्न सुरू झाले. या क्षेत्राकडे कसे वळलात, यशाचे श्रेय कोणाला द्याल, तरुणांना काय संदेश द्याल. मॅडमच्या तोंडून उत्तरंही तशीच यायला लागली, पाठ असल्यासारखी. आईवडिलांचे आशीर्वाद, गुरुजनांचे मार्गदर्शन, जिद्द, चिकाटी. आपण हे बोलतोय याची त्यांची त्यांनाच लाज वाटली. पोरं मात्र खूश होती, कारण डायजेस्टमधल्या उत्तरांशी सगळं जुळत होतं.

प्रश्न संपले. धैर्यशील आभार मानायला उठला, तेवढ्यात संयोगिता उभी राहिली. ही मुलगी पहाटे गोठ्यातल्या धारा काढून कॉलेजला यायची आणि तासाला बहुतेक डुलक्या घ्यायची. तिचा आवाज मॅडमनी हजेरीपलीकडे फारसा ऐकलाच नव्हता.

"मॅडम, एक इचारू का? आपल्या प्रश्नांत न्हाय ते."

"विचार."

"तेच तेच सांगून तुमास्नी कंटाळा येत न्हाय व्हय?"

"ए, खाली बस," धैर्यशील गुरकावला.

शिक्षकाला कंटाळा शोभत नाही, असलं एक साळसूद वाक्य मॅडमच्या जिभेवर येऊन थांबलं होतं. त्यांनी ते गिळलं.

"येतो," त्या म्हणाल्या. "फार येतो. मला लिहायला आवडायचं, म्हणून मी ही नोकरी धरली. आता घरी किराणा आणायची यादी सोडून मी काही लिहीत नाही. तुमचे पेपर वाचते तेव्हा तुमच्यातलं कुणीच मला भेटत नाही. तुम्ही कोण, कुठं राहता, कशाला भिता, मला काही माहीत नाही. वर्ष संपतं, तुम्ही जाता. मी सांगितलेलं तेवढं माझ्याकडं परत येतं."

वर्ग चिडीचूप झाला. इतकं खरं आपण या भिंतींत कधी बोललो नव्हतो, असं मॅडमना वाटलं. पोरांना भिडलं असावं, असंही वाटून गेलं.

"मॅडम, जरा सावकाश सांगा की," धैर्यशील मान वर न करता म्हणाला. "'भेटत नाही'च्या फुडचं ऱ्हायलं."

मॅडमनी बघितलं. सगळ्या माना खाली होत्या आणि सगळी पेनं चालली होती. सवयीनं त्यांचंही तोंड उघडलं. "तुम्ही कोण, स्वल्पविराम, कुठं राहता..."

"आरं, लिवताय काय?" संयोगिता ओरडली. "मॅडम रडाल्यात की!"

मॅडमनी गालाला हात लावला. खरंच ओला होता.

पेनं थांबली. धैर्यशीलनं घाईघाईनं नारळ मॅडमच्या हातात दिला आणि आभार न मानताच खाली बसला.

वर्ग सुटला तरी संयोगिता दाराशी घुटमळत होती. "चुकलं का माझं?"

"नाही."

"मग परीक्षेत मुलाखत आली तर काय लिवू?"

"सांगितलंय तेच लिही. तुला मार्क पाहिजेत," मॅडम म्हणाल्या. हे म्हणताना त्यांना फार वाईट वाटलं, पण दुसरं काही सांगायचं धाडस झालं नाही.

"आणि मनातलं?"

"ते वेगळं लिहून मला आणून दे."

"वाचशीला?"

"वाचीन."

"लय हाय बगा, मॅडम," पोरीनं बजावलं आणि ती बसच्या दिशेनं पळाली.

व्हरांड्यात प्राचार्य भेटले. "मग मॅडम, नोटीस तयार करायला सांगू?"

मॅडमचे पाय भरून आले होते, डोकं ठणकत होतं. घरी जाऊन नुसतं पडावं, एवढंच मनात होतं.

"परीक्षा होऊ दे," त्या म्हणाल्या. "एक मुलगी काहीतरी लिहून आणणार आहे. मी नसले तर ती कुणाला दाखवेल?"