पत्र्यावरचे नऊ दगड

हे आजवर माझ्या तोंडातून बाहेर पडलेलं नाही. बायको गेली, तिलाही शेवटपर्यंत कळलं नाही — का कळलं होतं? कुणास ठाऊक. आज तुम्ही समोर बसलात म्हणून बोलतो. मधेच थांबलो तर थांबू द्या.

जन्मभर सरकारी कचेरीत कारकुनी केली. कागद म्हणजे माझा जीव की प्राण. कुकरची पावती, पंख्याची पावती, सगळं फायलीत. सुमन, माझी बायको, चिडवायची — "अहो, मी या घरात आले त्याची पोच तरी ठेवलीय का?" मुकुंदवाडीत आमचं घर, खाली दोन खोल्या आणि गच्चीवर पत्र्याची एक. घराचा विमा काढणारा अख्ख्या गल्लीत मी एकटा. लोक हसायचे. हसेनात का!

त्या वर्षी चैत्रात अवकाळीचा इशारा आला. गारा, वादळी वारं. विमा एजंटाचा फोन आला — वादळाआधी घरातल्या एकेका वस्तूचे फोटो काढून ठेवा, नंतर क्लेमला कामी येतात. असलं काम म्हणजे माझा सणच की! फ्रीज, टीव्ही, शिलाई मशीन — प्रत्येकाशेजारी त्या दिवसाचा पेपर धरून सुमनला उभं केलं. तारीख दिसली पाहिजे ना.

मग राहिले पत्रे. आमच्याकडं पत्र्यावर दगड ठेवतात. कुठलीही गच्ची बघा. हूक गंजले की दगड. माझ्या पत्र्यावर नऊ होते. पण एजंट म्हणाला होता, दगड दिसले की कंपनी छप्पर कच्चं ठरवते आणि क्लेम फेटाळते. म्हणून मी नऊच्या नऊ उतरवले, कठड्याला ओळीनं लावले आणि मोकळ्या पत्र्यांचे फोटो काढले. ही लबाडीच. पण एवढंच सांगायला मी तुम्हाला बसवून घेतलं नसतं.

खालून सुमननं विचारलं, "अहो, दगड ठेवले का परत?"

मी म्हणालो, "ठेवले."

ठेवले नव्हते. विसरलो, असं म्हणता आलं असतं तर किती बरं झालं असतं! विसरलो नव्हतो. दुपारचे तीन वाजलेले, आभाळ काळंनिळं, हातात पहिला दगड उचललेला — आणि मनात आलं, पत्रे तसेही गंजलेत. उडाले तर उडाले. विम्यातून नवे येतील. हातातला दगड होता तिथं ठेवला, जिना उतरलो आणि सुमनला चहा टाकायला सांगितलं.

अर्ध्या तासात वारं सुटलं. दोन पत्रे उडाले. एक मोकळ्या प्लॉटात पडला. दुसरा — दुसरा शेजारच्या सरूवहिनीच्या अंगणात.

सरूवहिनीचा नवरा लवकर गेला. स्टेशनाजवळच्या खानावळीला भाकऱ्या थापून देऊन तिनं दोन पोरी वाढवल्या. दोन तळव्यांमधे भाकरी अशी फिरवायची की माणसानं बघत राहावं. त्या वेळी ती दोरीवरचे कपडे काढायला बाहेर आली होती. पत्रा उजव्या हातावर आला. अंगठ्याच्या बुडाशी खोल कापलं, शीर तुटली.

गल्ली धावली. सुमननं स्वतःचा पदर फाडून तिचा हात बांधला. कुणी रिक्षा आणली. आणि मी? मी गच्चीवर गेलो. कठड्याला ओळीनं लावलेले दगड कुणी बघितले तर? डोक्यात दुसरं काही नव्हतं. खाली त्या बाईचं रक्त सांडलेलं, आणि मी गारांचा मार खात दगड इकडंतिकडं पसरत होतो. रिक्षा गेल्यावर एक दगड तिच्या अंगणात टाकला. वाऱ्यानं फेकल्यासारखा दिसावा म्हणून. दिसतोय का, ते वाकून बघितलंसुद्धा. लाज वाटते हो सांगायला. तेव्हा वाटली नाही.

गल्लीनं विश्वास ठेवला. क्लेमच्या कागदावर दोन शेजाऱ्यांच्या सह्या लागत होत्या. मी तिच्याकडं गेलो नव्हतो. ती आपणहून आली, हाताला हे एवढं बँडेज. "तुमचा काय दोस, भाऊ? लई वारं हुतं. दगड सुदिक टिकला नाय. माझ्या अंगणात पडलाय, सायबाला दावते की." मी घाईनं म्हणालो, दगडाचं काही बोलू नका, वहिनी. ती बरं म्हणाली. का, ते विचारलंही नाही. मग डाव्या हातानं सही केली. लई वेळ लागला तिला. कागद सरकू नये म्हणून मी धरून उभा होतो.

क्लेम मंजूर झाला. नवे पत्रे आले, पक्क्या हुकांचे. तिचा अंगठा परत वळला नाही. आता त्याच खानावळीत ती मेथी-कोथिंबीर निवडते. सुमन गेली तेव्हा तेरा दिवस मला सरूवहिनीच्याच घरून ताट आलं. मी जेवलो. रोज जेवलो.

तो दगड तिनं टाकून दिला नाही. नळाजवळ बसवलाय. सकाळी त्यावर कपडे घासते — डाव्या हातानं. उजव्यानं नुसता कपडा दाबून धरते. माझ्या खिडकीतून सगळं दिसतं. परवा वर बघून हसली आणि म्हणाली, "भाऊ, तुमचा दगड लई कामाला आला बघा."

मी व्हय म्हणालो.