साठ किलो गूळ

मागच्या वर्षीची अक्षय तृतीया. गूळ साठ किलो, दहा-दहाच्या सहा ढेपा. ठिकाण, करकंबच्या पुढं आमच्या सासरच्या गावातलं देवीचं देऊळ. हजर: माझा नवरा, सासूबाई, चुलत सासरे आप्पा, त्यांचं सगळं घर, भावकी, देवळाचा गुरव. आणि जिची तुला करायची होती ती माझी मुलगी अनू. वय अकरा. मी होतेच.

मंडपाच्या तुळईला मोठा तराजू टांगला होता. आप्पांच्या गुऱ्हाळावरचा. पारड्यात लाल कापड अंथरलं होतं. अनूला बसवलं. तिनं दोन्ही हातांनी साखळ्या धरल्या. पाय पोटाशी घेऊन बघितले, जमलं नाही, खाली सोडले. पाय टेकले तर वजन बरोबर येत नाही, म्हणून कुणीतरी तिचे पाय उचलून आत कोंबले.

समोरच्या पारड्यात एकेक ढेप ठेवत गेले. सहावी ठेवली. अनूचं पारडं हललं नाही.

आधी एकजण हसलं. मग सगळे.

"आता काय, गुऱ्हाळ पेटवायला लागतंय का परत?" आप्पा म्हणाले. "गुरव, ते नारळ टाका की. देवीचंच हाईत. टाका."

नारळ टाकले. अकरा. पारडं जमिनीवरच.

मी एका चादरीच्या कारखान्यात हिशेब लिहिते. वजनं, गठ्ठे, मीटर, यातच माझा दिवस जातो. अकरा नारळांचे साडेसहा किलो धरा. अजून दीड किलो कमी होतं. मला ते माहीत होतं. महिनाभर आधी आप्पांनी फोनवर विचारलं होतं, तेव्हा मी सांगितलं होतं, अडुसष्ट. ते म्हणाले होते, "अगं सूनबाई, अकरा वर्साच्या पोरीचं एवढं असतंय व्हय? काटा बिघडलाय तुमचा." आणि साठच आणला.

अनूला सकाळपासून उपास होता. तुला होईपर्यंत पाण्याशिवाय काही नाही, असा रिवाज. हाताच्या अंतरावर साठ किलो गूळ. ताजा, वासाचा. आप्पांची धाकटी सून म्हणाली, "बगा की, डोळं कसं गुळावर हाईत पोरीचं."

"पोरीवर नजर ठेवा," दुसरं कुणी म्हणालं. "उतरताना एक ढेप कमी भरंल."

मग आप्पा म्हणाले, "त्या पारड्यात आता हिच्या आईलाच बसवा. एकदाच काय ते कळंल माहेरचं माप."

बायका पदर तोंडाला लावून हसल्या. मी पण जाड आहे. लहानपणापासून. माझा नवरा आप्पांच्या सोलापुरातल्या गुळाच्या दुकानात कामाला. तो हसला नाही. फरशीकडं बघत उभा राहिला.

मला काही वाटलं नाही. खरं तेच लिहिते. राग नाही, रडू नाही. आवाज ऐकू येत होते, पण शेजारच्या घरातले असावेत तसे. मी तिथं उभी राहून दीड किलो कशाने भरून काढतील याचा विचार करत होते.

हा नवस सासूबाईंचा. अनू दहा महिन्यांची असताना तिला न्यूमोनिया झाला. दवाखान्याच्या पायरीवर बसून त्या बोलल्या, पोर वाचली तर तिच्या भारोभार गूळ वाटीन. अनू वाचली. तेव्हा ती बारा किलोची होती. दहा महिन्यांच्या मुलीला हे वजन जास्तच, पण तेव्हा सगळे कौतुक करायचे. गुटगुटीत म्हणायचे.

नवस पुढं गेला. एका वर्षी आप्पांकडं लग्न, एका वर्षी सुतक. मग अनूचं वजन दिसायला लागलं आणि चारचौघांत तराजूत कसं बसवायचं म्हणून पुढं गेला. तीन वर्षांची असताना चोवीस. सहाव्या वर्षी एकेचाळीस. जितका उशीर तितका गूळ वाढत होता, आणि जितका गूळ वाढेल तितकी लाज. सासूबाईंनी याचा उलटा अर्थ लावला. त्या म्हणायच्या, "नवस थकलाय म्हणून पोर फुगतीया. देवी व्याज लावतीया."

घरात सगळ्यांना हे पटलं. मी सोडून. पण मी तरी काय वेगळं सांगणार होते? मला तेव्हा कारण माहीत नव्हतं.

अनूची भूक कशी, ते बाहेरच्याला सांगून कळत नाही. जेवून ताट धुवायला नेताना ती विचारायची, आई, जेवायला कधी? थट्टा नव्हती. पोट भरलेलं तिला कळतच नव्हतं. कच्ची कणीक खायची. शेजारच्यांच्या दारातली कुत्र्याची भाकरी एकदा खाल्ली. लोक म्हणायचे, आईनं लाडावलीय. झोपेत घोरायची, मध्येच श्वास थांबायचा, दचकून उठायची. शाळेत बाकावर झोपायची. बाई वहीत लिहून पाठवायच्या, आळशी आहे.

मान काळी पडली. तेही मला ओळखीचं होतं. मी पाचवीत असताना आमच्या बाईंनी मला प्रार्थनेच्या रांगेतून बाहेर काढलं, नळावर नेलं आणि नारळाच्या काथ्यानं माझी मान घासली. सगळी शाळा बघत होती. "एवढं गिळतेस, अंघोळीला पाणी मिळत नाही का?" रक्त आलं. काळं गेलं नाही. घरी आईनं वजरीनं घासलं. तरी गेलं नाही.

ते मळ नव्हतंच. हे मला चाळिशी उलटल्यावर कळलं. सोलापुरात पुण्याहून महिन्यातून दोनदा मुलांच्या हार्मोनच्या डॉक्टर येतात. तुलेच्या पाच महिने आधी अनूला मी त्यांच्याकडं नेलं. अनूची मान बघून त्यांनी माझ्याकडं बघितलं. "पदर जरा बाजूला करता?" मी केला. त्या म्हणाल्या, "रक्तात इन्सुलिन फार वाढलं की कातडी अशी होते. घासू नका." बस. एवढंच. पाचवीपासून हे वाक्य कुणी बोललं नव्हतं.

दोघींचं रक्त तपासायला पाठवलं. अनूची सोनोग्राफी झाली, यकृतावर चरबी. साखर सीमेवर. झोपेची तपासणी झाली, रात्रभरात श्वास किती वेळा थांबतो ते मोजलं. मग रक्ताचा रिपोर्ट आला. पोट भरल्याचा निरोप मेंदूला पोचवणारं एक जनुक असतं. त्यात बिघाड. अनूत आहे. माझ्यात आहे. माझ्याकडून तिच्यात गेला.

"मुळापासून बरं करणारं औषध आज नाही," डॉक्टर म्हणाल्या. "पण करण्यासारखं पुष्कळ आहे. झोपेचं मशीन लगेच सुरू करा. खाणं मोजून, आणि घरातल्या सगळ्यांना तेच. खायच्या वस्तू कुलपात. रोज चालणं. बारा पूर्ण झाली की आठवड्याला एक इंजेक्शन बघू, त्यानं भूक थोडी दबते. आणि हिला खादाड म्हणायचं नाही. कुणीच."

घरी येऊन मी हे जसंच्या तसं सांगितलं. सासूबाई म्हणाल्या, "मशीन लावून पोरीला झोपवतात व्हय?" आप्पांचा फोन आला. "आमच्या घराण्यात असं कोण न्हाय. माहेरचं दुखणं हाय ते." नवरा म्हणाला, "एकदा नवस फिटू दे. मग कर तुझं औषध. मी आडवा येणार नाही."

हा सौदा होता. आधी तराजू, मग उपचार. तीन महिने मशीन आलं नाही. तीन महिने रोज रात्री तिचा श्वास थांबत होता. म्हणून मी त्या देवळात उभी होते. नवसावर विश्वास होता म्हणून नाही.

तर दीड किलो कमी होतं. आप्पांचा नातू, सात-आठ वर्षांचा, काडीसारखा. आप्पांनी त्याला उचललं आणि गुळाच्या पारड्यात ढेपांवर बसवलं. पारडं धाडकन खाली गेलं. अनू वर उचलली गेली. तिनं डोळे मिटले. साखळ्या करकरल्या. लोकांनी टाळ्या वाजवल्या. कुणीतरी मोबाइलवर काढत होतं.

"आली का न्हाय वर?" आप्पा म्हणाले. "हस की गं बाळ. देवीनं उचललं तुला."

अनूनं डोळे उघडले. मला शोधलं. ती रडत नव्हती. तिचा चेहरा कोरा होता. तो चेहरा मी ओळखला. नळाजवळ मी तसाच चेहरा करून उभी होते. आपण इथं नाही, हे दुसऱ्या कुणाचं तरी अंग आहे, असं ठरवलेला चेहरा. अकराव्या वर्षी तिला तो यायला लागला होता.

मी पुढं गेले. नातवाला आधी उचलून खाली ठेवलं, त्याचा काही दोष नव्हता. अनूचं पारडं खाली आलं.

"अनू, उतर."

"आई, झालं का?"

"झालं नाही. तरी उतर."

ती उतरली. गुळाचं पारडं फरशीवर आपटलं. नारळ घरंगळले.

"सूनबाई, आरती व्हायची हाय," आप्पा म्हणाले. "नवस आर्धा सोडतीस व्हय?"

मी म्हणाले, "अडुसष्ट सांगितलं होतं. तुम्ही साठ आणला."

"मस्करी केली जरा. घरातल्या घरात एवढं—"

"आणि हे माहेरचंच आहे. माझ्याकडून आलंय. कागद आहे माझ्याकडं."

पुढं कुणी काय बोललं ते नीट आठवत नाही. सासूबाई रडत होत्या. नवरा म्हणाला, "चार माणसांत शोभा केलीस." मी पिशवीतली भाकरी-भाजी काढली. आमच्या दोघींचं मोजून बांधलेलं. देवळाच्या मागं लिंबाखाली बसून आम्ही खाल्लं. आणि एस.टी.नं सोलापूरला आलो. दोघीच.

दुसऱ्या दिवशी कारखान्यातून उचल घेतली आणि झोपेचं मशीन भाड्यानं आणलं. नाकावर हवा सोडणारा त्याचा मुखवटा लावायला अनूनं चार-पाच दिवस त्रास दिला. मग सवय झाली. आता ती शाळेत झोपत नाही. श्रावणात बारा पूर्ण झाली, इंजेक्शन सुरू झालं. आज वजन सहासष्ट. लोकांना वाटेल दोनच किलो. ज्या वेगानं वाढत होतं, त्या हिशेबानं ते चौऱ्याहत्तरवर असतं. ती बरी झाली असं मी म्हणणार नाही. भूक आहे. स्वयंपाकघराच्या कपाटाला कुलूप आहे. किल्ली माझ्या कमरेला असते. ते अनूनंच सांगितलं, "तुझ्याकडंच ठेव. माझ्याकडं दिलीस तर मी उघडीन."

गुळाचं सांगायचं राहिलं.

तुलेनंतर तिसऱ्या दिवशी शुक्रवार पेठेतल्या आमच्या दारात टेम्पो उभा राहिला. सहा ढेपा. अर्धवट तुलेचा गूळ गावात कुणी हातात घेईना, म्हणून आप्पांनी आमच्याकडं पाठवला होता. टेम्पोवाल्यानं दोन ढेपा उंबऱ्यात ठेवल्या सुद्धा. दोन खोल्यांचं घर. कुलपाचं एक कपाट. आणि आत अनू.

मी म्हणाले, "परत न्या."

"बाई, उतरवायला सांगितलंय. परत न्यायचं न्हाय सांगितलं."

"मी सांगते. परतीचं भाडं किती?"

"येतानाचं आप्पांनी दिलंय की."

"जातानाचं विचारते."

सासूबाई दारात आडव्या आल्या. "तुलेचा गूळ माघारी फिरवत न्हाईत. वाटून टाक गल्लीत. थोडा ठेव, परसाद म्हणून." नवरा दुकानातून नुकताच आला होता. म्हणाला, "माझी नोकरी जाईल." ते बरोबर होतं. पुढच्या महिन्यात गेलीच. आता तो बाजार समितीत दुसऱ्याकडं जातो, दोन हजार कमी पगारावर. अजून माझ्याशी कामापुरतं बोलतो.

उंबऱ्यातल्या दोन्ही ढेपा मी उचलून टेम्पोत ठेवल्या. अनू खिडकीशी होती.

"सगळा परत?"

"सगळा."

"थोडा पण नाही?"

"नाही."

तेव्हा ती रडली. देवळात रडली नव्हती, गुळासाठी रडली. मी तिला गप्प केलं नाही. तिची भूक खोटी नाही, माझीही कधी खोटी नव्हती. ती आम्हाला मिळाली तशी आम्ही सांभाळू. पण ती बघायला कुणाला मंडप घालू देणार नाही. इथून पुढं ही मुलगी काट्यावर उभी राहील ती डॉक्टरांच्या खोलीत, दार लावून.

टेम्पोवाला म्हणाला, "आप्पांना काय सांगू?"

"सांगा, या घरात गूळ येत नाही."

परतीचं भाडं अडीच हजार. रोख, टेम्पोवाल्याला दिलं. आप्पांना काही देणं नाही. देवीला काही दिलेलं नाही. देणार नाही.