तात्पुरत्या जागेचा पंखा

गप्पा रंगल्या की माझ्या विद्यार्थिनी हमखास म्हणतात, "मॅडम, हे लिहून काढा ना!" त्यांच्या दारावर आता झकपक पाट्या असतात, फोनवर अपॉइंटमेंटा असतात, भिंतीवर फ्रेममध्ये लायसन्स असतं. आमचा पेशा असाच नटूनथटून जन्माला आला, असं त्यांना वाटतं. किस्से काही आपण मुद्दाम जमवत नाही. ते पाहुण्यासारखे येतात आणि मुक्कामच ठोकतात. माझ्याकडचे बहुतेक लातूरच्या पहिल्या वर्षातले आहेत. नावं-गावं बदलून सांगते, आमचा तसा नियम आहे.

आता हसत सांगते, पण तेव्हा हसू येत नव्हतं. लातूर उस्मानाबादेपासून सुटून नुकता जिल्हा झाला होता. पावसानं पाठ फिरवली होती. सरकारी दवाखान्यात क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची एक जागा निघाली आणि त्या जागेवर मी आले. मुदखेडच्या रेल्वे गँगमनची मुलगी, बंगळूरला शिकलेली. अख्ख्या जिल्ह्यात माझ्या पेशाची मी एकटीच! पण जागा तात्पुरती होती. ती ठेवायची की मोडायची हे मार्चअखेर औरंगाबादचे उपसंचालक येऊन ठरवणार होते. सकाळी खोलीचं कुलूप उघडताना मी बोटांवर मार्चअखेरचे दिवस मोजायचे, संध्याकाळी कुलूप लावताना पुन्हा मोजायचे.

* * *

खोली पत्र्याची. उन्हाळा फाल्गुनातच तापलेला. मी स्टोअरकीपर गफारभाईंकडे पंखा मागायला गेले.

त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. "बाई, टेंपररी जागे कू पंखा नै मिलता. जागा पक्की हुई तो पंखा बी पक्का!"

"आणि जागा गेली तर?"

"तो फिर पंखे का क्या करते, बाई?"

माणूस अगदी बरोबर बोलत होता, म्हणूनच मला फार राग आला. त्या दिवसापासून मी छताकडं बघणंच सोडलं.

* * *

नव्या जिल्ह्याला नव्या पाट्या हव्यात, म्हणून पेंटर लावला होता. त्याला 'शांतता राखा' अशा ढीगभर पाट्यांची ऑर्डर मिळाली. त्यानं दिसेल त्या दारावर एकेक ठोकली. माझ्याही!

पहिल्याच आठवड्यात निलंग्याकडचे एक धोतरवाले गृहस्थ आले. झोप लागत नाही, अशी डॉक्टरांची चिठ्ठी होती. नमस्कार करून खुर्चीत बसले आणि गप्प. रुग्ण गप्प असेल तर त्याच्या मौनाचा मान राखावा, असं मला शिकवलेलं. मीही गप्प. ते माझ्याकडं बघताहेत, मी त्यांच्याकडं बघतेय. मी कागदावर लिहिलं, 'बोलत नाही.' थोड्या वेळानं खाली रेघ ओढली. मनात भलभलत्या आजारांची नावं यायला लागली. पहिल्याच आठवड्यात इतकी अवघड केस!

शेवटी मीच विचारलं, "काका, बोलत का नाही?"

त्यांनी घाबरून दाराकडं बोट केलं आणि कुजबुजले, "बाहीर लिवलंय न्हवं, शांतता राखा म्हणून!"

शिपाई शेषरावला म्हटलं, आधी ती पाटी काढ. तो म्हणाला, "सरकारी पाटी हाय बाई, काढता येत न्हाई." मग त्यानं त्या पाटीच्या खिळ्याला रोज आपली टोपी अडकवायला सुरुवात केली. टोपी असली की माझा दवाखाना चालू, असं लोकांना कळायला लागलं.

* * *

लोकांना इंजेक्शन हवं असायचं. गोळी नाही, सुई नाही, बाटलीतलं लाल औषधही नाही, ही बाई नुसती बोलते! बाहेरच्या व्हरांड्यात माझं नाव पडलं 'गप्पाच्या बाई'. सिव्हिल सर्जन साहेबांनाही माझं काय करायचं हे कळत नव्हतं. बिचारे सज्जन होते. एकदा म्हणाले, "मॅडम, तुम्ही डॉक्टर नाही, नर्स नाही. उपसंचालकांनी विचारलं तर मी तुम्हाला नेमकं कशात दाखवू?"

मला त्या रात्री जेवण गेलं नाही.

त्यात मुदखेडहून बाबा आले. रेल्वेचा पास काढून, गाड्या बदलत, धुतलेला सदरा घालून. खुर्चीत बसले, खोली न्याहाळली, मग माझ्या गळ्याकडं बघितलं.

"ते गळ्यातलं कुठंय?"

"बाबा, मला स्टेथोस्कोप लागत नाही."

"मी तर समद्या वस्तीत सांगून बसलो, पोरगी डाक्टरीण झाली." मग हळूच, "पर्मनंट कव्हा होतीस, माय?"

बाबांनी जन्मभर दुसरं काही मागितलं नाही. मी म्हटलं, होईल. आणि त्यांना गाडीत बसवून परतताना वाटभर रडले.

* * *

बंगळूरहून मी एक कॅसेट आणली होती. डोळे मिटून, अंग सैल सोडून ऐकायची. त्यात समुद्राच्या लाटा, झऱ्याची खळखळ. घाबऱ्या मनाला उतारा! आमच्या सरांचा त्या कॅसेटवर फार जीव होता.

छातीत धडधडणाऱ्या चार-पाच बायका मी एकत्र बसवल्या. "आता डोळे मिटा, श्वास सोडा, खांदे सैल." बायका खरंच सैल झाल्या. एकीची तर मान कलली. मला इतकं समाधान झालं की मार्चअखेरही क्षणभर विसरले. मी कॅसेट लावली. झरा सुरू झाला.

खाडकन सगळ्यांचे डोळे उघडले!

"टँकर आलं!"

एकीनं पदर खोचला, दुसरीनं चपला तशाच टाकल्या, आणि सगळ्या दारातून बाहेर! त्यांना पळताना बघून व्हरांडा पळाला. व्हरांड्याला बघून स्त्रियांचा वॉर्ड हलला. एक बाई सलाइनचा स्टँड धरून निघाली होती, तिला नर्सनं मागं ओढलं. मी खोलीत एकटी, आणि टेपमध्ये झरा वाहतच होता.

साहेबांनी मेमो दिला नाही. फक्त म्हणाले, "मॅडम, पाऊस पडेपर्यंत ती कॅसेट नको."

* * *

चाचण्यांची तर वेगळीच तऱ्हा. त्या काळी आमच्या पेशाचं मुख्य काम म्हणजे चाचणी घ्यायची, आकडा काढायचा, मोठ्या डॉक्टरांकडे पाठवायचं. बोलून बरं करायचं काम आमच्या वाट्याला पुढं हळूहळू आलं. माझ्या पेटीत चित्रांची कार्डं होती. चित्रातलं काय राहिलंय ते सांगायचं. घड्याळाला काटा नाही, मांजराला मिशी नाही. एक कार्ड विहिरीचं. काठ आहे, रहाट आहे, बादली आहे. दोरी नाही.

दोरी कुणीच सांगेना! सगळे म्हणायचे, पाणी. पुस्तकाप्रमाणं उत्तर चूक, गुण शून्य. असल्या शून्यांनी माझ्याकडं भलीभली माणसं कमी बुद्धीची निघायला लागली. उपसंचालकांना असले आकडे दाखवायचे?

चाकूरच्या अंगणवाडीच्या एक ताई आल्या होत्या. बोलायला एकदम तल्लख. त्यांनीही "पाणी" म्हटल्यावर मला राहवलं नाही. "ताई, नीट बघा. दोरी नाही ना?"

त्यांनी माझ्याकडं कीव आल्यासारखं बघितलं. "बाई, विहिरीत पाणीच न्हाई, तर दोरी कशाला बांधून ठेवतील? सोडून नेली आसंल घरी!"

मी बंगळूरच्या सरांना पत्र टाकलं, सर, अख्खा जिल्हाच नापास होतोय. त्यांचं एका ओळीचं उत्तर आलं, 'जिल्हा नव्हे, चाचणी तपास.'

* * *

आणि मग उपसंचालक आले.

नेमका त्याच दिवशी सकाळी गावात टँकर आला आणि व्हरांडा रिकामा झाला. एक माणूस नाही! पाटीवर शेषरावची टोपी तेवढी लटकलेली. बाबांचा धुतलेला सदरा डोळ्यांपुढून हलेना.

उंच, कडक इस्त्रीचे गृहस्थ. बोलणं पुस्तकातल्यासारखं. सिव्हिल सर्जन साहेबांना त्यांनी बाहेर थांबायला सांगितलं आणि रुग्णाच्या खुर्चीत बसले. "आपण येथे नेमकं काय करता, हे मला दोन वाक्यांत समजावून सांगा."

दोन वाक्यं मी महिनाभर पाठ केली होती. एकही आठवेना! हाताला पेटी लागली, तीच पुढं सरकवली. "सर, चित्रातलं काय राहिलंय ते सांगायचं."

ते किंचित हसले. "घड्याळाचा काटा." पुढचं कार्ड. "मांजराची मिशी." पटापट, एकही चूक नाही. परीक्षा माझी होती, पास ते होत होते.

मग विहिरीचं कार्ड आलं.

ते थांबले. कार्ड जवळ घेतलं, परत लांब धरलं. मला वाटलं, आता दोरी म्हणतील.

"ह्यात आमची आक्का न्हाई," ते म्हणाले.

आवाज औरंगाबादचा राहिला नव्हता, पार आमच्या मुदखेडकडच्या हिमायतनगरचा झाला होता. "मी ल्हान व्हतो, तव्हा दुष्काळात पाणी तळाला गेल्तं. ती आत उतरून भरायची. मी वर हुबा."

मी पाणी दिलं नाही, धीर दिला नाही. गप्प बसले. एवढं मला येत होतं. पुढं ते बराच वेळ बोलले. ते सांगायचं नसतं.

शेवटी त्यांनी चष्मा पुसला आणि विचारलं, "पुस्तकात काय हाय उत्तर?"

"दोरी, सर."

"हाव," त्यांनी मान डोलावली. कार्ड उपडं ठेवून उठले.

दार उघडलं. बाहेर सिव्हिल सर्जन साहेब, त्यांच्यामागं गफारभाई, त्यांच्यामागं शेषराव. सगळ्यांचे चेहरे उतरलेले. उपसंचालकांनी कोटाचं बटण लावलं. आवाज पुन्हा पहिल्यासारखा झाला होता.

"या खोलीत फार उकडतं," ते म्हणाले. "पंखा बसवून घ्या."

गफारभाईंनी एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा छताकडं बघितलं, आणि शेषरावला म्हणाले, "शिडी ला रे!"