साडूंची पडताळणी

आमच्या साडूंनी जन्मात कुणावर पहिल्या भेटीत विश्वास ठेवल्याचं ऐकिवात नाही. स्वतःच्या लग्नाचा मुहूर्तसुद्धा त्यांनी दुसऱ्या भटजींकडून तपासून घेतला होता म्हणे!

इकडे बंगालात, खिदिरपूरच्या गोदीत, कस्टम्समध्ये, लोकांच्या पेट्या उघडण्यात त्यांची उभी हयात गेली. निवृत्तीनंतर माणसं काशीला जातात. हे एस्प्लनेडला एका ऑनलाइन दुकानाच्या ऑफिसात जाऊन बसले. दुकान घड्याळं नि कॅमेरे विकतं. चोरलेल्या क्रेडिट कार्डावर कुणी खरेदी करत नाही ना, हे माल निघण्याआधी बघायचं, हे यांचं काम. म्हणजे दुधात साखरच की! कार्ड एका गावचं नि माल दुसऱ्या गावी, खातं आजच उघडलेलं नि वस्तू मात्र सगळ्यांत महाग, असं काही दिसलं की कॉम्प्युटर लाल खूण करतो आणि साडूंचा चेहरा खुलतो. "भाव बघत नाही आणि वर उद्याच हवंय? पाणी मुरतंय!" म्हणत ते गिऱ्हाइकाला फोन लावतात.

बरं, हे ऑफिसात ठेवावं ना! एकदा मी संदेश मिठाईचं खोकं घेऊन त्यांच्या घरी गेलो, तर खोक्यावरचं नाव वाचून दारातच म्हणाले, "राहता बेहाल्यात आणि मिठाई सियालदहची? जुळत नाही." मेहुणी आतून ओरडली, "अहो, आधी घरात तरी घ्या त्यांना!" आमच्या मराठी मंडळाच्या गणपतीला एका नव्या गृहस्थांनी घसघशीत वर्गणी दिली, तर यांनी त्यांचं ओळखपत्र मागितलं. ते मंडळाच्याच बँकेत बदलून आलेले मॅनेजर निघाले. तेव्हापासून बँकेची कामं माझ्या गळ्यात पडली.

पण या स्वभावाचा खरा फटका बसला तो लेकीच्या बाबतीत. वैदेहीने कॅनडात एका बंगाली मुलाशी लग्न ठरवलं, तेव्हा यांनी थेट त्याच्या कंपनीत फोन करून चौकशी केली. "बाबा, तो माणूस आहे, पार्सल नाही!" म्हणून ती जी चिडली, ती लग्न तिकडेच करून मोकळी झाली. बापलेकीचं बोलणं बंद. तिचा फोन यायचा तो आईला. तेव्हा साडू शेजारी पेपर धरून बसायचे आणि फोन संपेपर्यंत पान उलटायचे नाहीत. मला फार वाईट वाटायचं.

परवा संध्याकाळी त्यांना चहाला न्यायला ऑफिसात गेलो, तर साडू स्क्रीनवर डोळे लावून बसलेले. लाल खूण. कार्ड कॅनडाचं, खातं नवं, घड्याळ महागडं, हवं उद्याच. पाठवणारा जावई, आणि घेणाऱ्याच्या जागी साक्षात साडूंचं नाव!

"दुसऱ्या कुणाला करू द्या ना फोन," मी म्हणालो.

"माझ्याकडे आलंय, मीच करणार. नाही केला तर ऑर्डर रद्द होईल."

स्पीकरवर फोन लावला. दुकानाचं नाव सांगून त्यांनी ठरलेल्या हिंदीत विचारलं, "माल घेणाऱ्याशी आपलं नातं?"

"सासरे आहेत माझे," पलीकडचा म्हणाला. "माझ्याशी कधी बोललेले नाहीत. वाढदिवस आहे त्यांचा. साहेब, अडवू नका हो. माझं नाव बघून परत करतील कदाचित, पण पोचू तर द्या."

साडूंनी ऑर्डर मंजूर केली. फोन मात्र ठेवला नाही. ठरलेली वाक्यं सोडून म्हणाले, "सासराच बोलतोय. परत नाही करणार. वैदेही उठली का?"

पलीकडे वैदेहीला हाका, मग कुणीतरी धावत येत असल्याचा आवाज. साडूंनी स्पीकर बंद केला आणि फोन दोन्ही हातांनी कानाशी धरला. मी आपला हळूच बाहेर पडलो आणि एकट्यानेच चहा घेतला.