अण्णांची पेटी

आज लेकीनं रसासाठी द्राक्षं मिक्सरमध्ये फिरवली आणि त्या आंबटगोड वासानं मी पूर्वी नोकरी करायचे त्या मोठ्या प्रयोगशाळेत पुन्हा जाऊन पोहोचले.

लांबच लांब पांढरा कॉरिडॉर, यंत्रांची संथ घरघर. दिवसभर द्राक्षांच्या पेट्या यायच्या. नंबर चिकटवायचा, द्राक्षं दळायची आणि फवारणीच्या औषधाचा अंश उरलाय का ते तपासायचं. त्यातलं काही तोंडात टाकायचं नाही, हा पहिला नियम.

एकदा माझे वडील, अण्णा, पिंपळगावहून आले आणि आम्हा सगळ्यांना खायला म्हणून आपल्या बागेतल्या द्राक्षांची पेटी गेटवर ठेवून गेले. निरोप गेटवरच राहिला, पेटी तेवढी आत आली. मी सवयीनं नंबर चिकटवला आणि सगळी द्राक्षं दळून टाकली.

दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला तेव्हा उलगडा झाला. रिपोर्ट समोरच होता.

"अण्णा, तुमचा माल एकदम स्वच्छ निघाला," मी घाईनं म्हणाले.

"ते मला ठाव हाय. गोड होती का?"

"लय गोड."

अण्णा म्हणाले, "पुढच्या खेपेला मी थांबतो. माझ्यासमोर खा."

तेव्हा मला वाटलं होतं, खोटं पचलं.